लाल पेन्सिलीचा शेरा

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेचा मागचा व्हरांडा आठवतो का तुला? पायरीवर आपण दोघी, मध्ये रंगांची एकच पेटी आणि टवका उडालेला इनॅमलचा मग. ब्रश बुचकळलेलं पाणी मी चहा समजून घटाघटा प्यायले, आणि माझी निळी जीभ बघून तू रडायला लागलीस, की टिटवी आता मरणार. चित्रकलेच्या सिस्टरांनी माझी जीभ बघितली, मग आपले कागद बघितले, आणि दोन्हींवर लाल पेन्सिलीने 'पुन्हा करा' असा शेरा मारला. मरणाऱ्या मुलीला तरी सूट द्यायची! आज सकाळी मी रंगवता रंगवता चहात ब्रश बुडवला, तेव्हापासून ते सगळं डोळ्यांपुढे आहे. साठी उलटली, पण माझी प्रगती एवढीच.

तुझं पाकीट पोचलं. ताई, हे काय पाठवलंस? ठसे तुझे आणि रंग माझे, ही आपली वाटणी आपल्या लग्नांच्याही आधीची. रबरी शिक्क्याचा लाकडी ठोकळा पॅडवर टेकवायचा, जाड कागदावर सरळ दाबायचा आणि सरळ उचलायचा, हे तूच मला शिकवलंस आणि वर म्हणालीस, की तुझ्याच्याने व्हायचं नाही, तू आपली रंग भर. घरातल्या कोणाचाही वाढदिवस असो, कोणी आजारी पडो, आपलं फुलाचं कार्ड वेळेवर पोचतं ते त्या सरळ ठशांच्या जिवावर. आणि या खेपेला? डेलिया अर्धा फिका, अर्धा गायब. लिलीच्या प्रत्येक पाकळीला दोन दोन कडा. घोड्यावर बसून ठसे मारलेस का? का शाई घालायची म्हटली की हात आखडतो, ती जुनी खोड?

पॅन्झीचे तेवढे ठेवून घेतलेत. बाकीचे सगळे परत पाठवते आहे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात सिस्टरांच्या वळणाने लाल शेरा आहे, तो बघून घे. जाता जाता अक्षरही सुधार. हल्ली चार ओळींत तुझं पान भरतं. फोनवर मात्र भांडू नकोस, माझ्या कानांना त्यात नुसता वारा ऐकू येतो.

भावजींना नमस्कार. पंचेचाळिशीच्या बेबीला आशीर्वाद.
माया आहे तशी राहू दे, काटकसर फक्त शाईत नको.

तुझी
टिटवी


१९ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. आ.

पाकीट मिळालं. शेरे पाहिले. सिस्टरांचा 'प' तुला अजून जमत नाही, त्याला असं पोट नव्हतं. बाकी मान्य. चष्मा नवा आहे, टेबलाचा एक पाय आखूड आहे, पॅड वाळलंय. यातलं पटेल ते घे. पुन्हा करते. वेळ लागेल.

एक विचारायचं होतं. ठसा मारलेला कागद रंगवल्याशिवाय किती वर्षं चांगला राहतो? पिवळा पडतो का? पत्र्याच्या डब्यात ठेवला तर? लिही.

अक्षर मोठं काढते ते तुझ्या डोळ्यांसाठी. उपकारच समज.
लोभ वाढव. टोमणे आहेत तेवढे पुरेत.

ताई


११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तुला कळवायचं नाही, अशी तिने मला आणि बाबांना शपथच घातली होती. तू एकटी राहतेस, तिथे बसून जिवाला घोर लावून घेशील म्हणून.

पावसाळ्यात तिला कुलपात किल्ली फिरवता येईना. मग बटणं. मग पेन. डॉक्टर म्हणाले, की स्नायूंचा आजार आहे, हातांपासून सुरू होतो आणि पुढे पुढे जातो. त्यांनी पुढे म्हणजे कुठवर ते सांगितलं नाही, पण आईने विचारलं तेव्हा सांगावं लागलं. श्वासापर्यंत. उलटं फिरवणारं औषध नाही.

तुझं परत पाठवलेलं पाकीट आलं, ते तिने माझ्याकडून उघडून घेतलं. एकेक कागद मांडीवर घेऊन बघितला. आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवणं आटोपली, की खिडकीपाशी तिचं काम सुरू. मावशी, ठसा ती कसा मारते ते तू पाहिलेलं नाहीस. दोन्ही मनगटांच्या मध्ये ठोकळा धरते, कागदावर ठेवते, त्यावर कोपर टेकते आणि अख्खी पुढे वाकून अंगाचा भार देते. मधोमध दाब पडतो, कडा फिक्या राहतात. उचलताना ठोकळा घसरतो, म्हणून ती दुसरी रेघ. बिघडलेला कागद बाजूला सरकवते आणि नवीन घेते. मी दाबू का, असं विचारलं, तर म्हणाली, की शेरा तुला नाही मिळालेला, मला मिळालाय. बाबा बिचारे दारातून बघतात आणि आत निघून जातात.

तू गमतीत केलंस ते मला कळतं. आपल्या घरात हे नेहमीचंच. पण एवढं कर, पहिलेच ठसे चांगले होते असं तिला लिही. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस.

तुझी माया मला कधी मागावी लागली नाही, आज मागते आहे.

बेबी


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बेबीवर रागावू नकोस. तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण गप्प राहता आलं असतं तर माझं नाव टिटवी कशाला पडलं असतं?

कालपासून हे पत्र लिहायला घेते आणि ठेवते. तू विचारलंस, कागद किती वर्षं टिकतो, आणि मी मनात म्हटलं, ताईला आता कागदाचीही चिंता. आता कळतं, की तुला माझ्यासाठी साठा करून ठेवायचा आहे. तू नसताना मला रंगवायला. हे वाक्य मी लिहिलं खरं, पण पुन्हा वाचणार नाही.

ती लाल पेन्सिल मी मोडली. गुडघ्यावर धरून, लाकूड मोडतात तशी. ताई, ते ठसे चांगले होते. सगळे छान होते. जे असतील ते पाठव, फिके, दुहेरी, कसेही. आता एकही पुन्हा करू नकोस. मी येऊ का? तू नको म्हणालीस तरी येईन म्हणते, पण तू बोलावलंस तर बरं वाटेल.

शाळेच्या वसतिगृहात रात्रीच्या प्रार्थनेत सिस्टर शेवटी एक मिनिट आपापलं मागायला द्यायच्या. मी नेहमी नवीन ब्रश मागायचे. इतक्या वर्षांनी पुन्हा ते मिनिट घेते आहे.

प्रेमात कमी पडले असेन, पण प्रेम कमी नव्हतं.

तुझी
टिटवी


२ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

हे पत्र थांबत थांबत लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

तुझं पत्र वाचून मला राग आला. आजार कळला म्हणून नाही. 'सगळे छान होते' म्हणालीस म्हणून. टिटवे, तूसुद्धा?

या घरात आता माझं सगळं छान असतं. चमचा तोंडापर्यंत नेला, की हे वा म्हणतात. उंबरा ओलांडला, की बेबी शाब्बास म्हणते. डॉक्टर माझ्या मुठीत आपली दोन बोटं देतात आणि दाबा म्हणतात. मी दाबते, त्यांना काही जाणवत नाही, आणि ते म्हणतात, उत्तम. माणसं वाईट नाहीत. पण सगळ्यांनी मिळून मला बालवाडीत बसवलंय, आणि बालवाडीत कोणाचं काही चुकत नाही.

तेवढ्यात तुझं पाकीट आलं. कागदाकागदावर 'पुन्हा करा'. तुला सांगते, मी हसले आणि मग डोळे पुसायला बेबीला हाक मारावी लागली. कितीतरी दिवसांत मला कोणी चुकलीस म्हटलं नव्हतं. ज्याचं काम अजून सुधारेल असं वाटतं, त्यालाच सिस्टर शेरा द्यायच्या. जिच्याकडून आशाच नाही, तिचा कागद नुसता घडी घालून परत मिळायचा. आठवतं?

ते ठसे वाईट होते. तुलाही माहीत आहे. मी पुन्हा केले, त्यातले थोडे बरे आहेत, थोडे अजून वाईट. सोबत पाठवते. खरं खरं बघ. आणि ये, लवकर ये. पेन्सिल मोडली असशील तर दोन झाल्या, दोन्ही घेऊन ये. मला लोकांच्या कार्डावर वाकडी फुलं पाठवायची नाहीत.

ममतेपोटी खोटं बोलू नकोस. ममता त्याच्याशिवायही पोचते.

ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. घर बंद होतं तेवढ्यात कोळ्याने माझ्या ब्रशांवर जाळं विणलंय. घाई न करता काढीन, त्याचं काम तरी सरळ आहे.

तिकडच्या दुपारी अजून हातात आहेत. तुझा हात ठोकळ्यावर, तुझ्या हातावर माझा. पहिल्या दिवशी मी भीतभीत दाबलं, तर तू म्हणालीस, की मांजर कुरवाळतेस का. मग जोरात दाबलं, तर ठसा माझा झाला, तुझा राहिला नाही. ते आपल्या दोघींना एकदमच कळलं. शेवटी जमलं ते असं, की कुठे ठेवायचा आणि कधी उचलायचा हे तू ठरवायचंस आणि मी फक्त वजन व्हायचं. तरी मी तुझ्या पुष्कळ कागदांवर लाल शेरा मारला. बेबी दारात डोळे वटारून उभी होती. तू पुढचा कागद ओढलास, तेव्हा ती आत गेली आणि थोड्या वेळाने पाण्याचा मग घेऊन आली. नंतर खिडकीपाशी तिनेही आपली खुर्ची ओढली. ते मला फार बरं वाटलं.

आता एक खरी गोष्ट, ममतेपोटी नाही. तू एकटीने मारलेली ती दुहेरी लिली काल रंगवायला घेतली. वाटलं होतं, वाया जाईल. कागद ओला केला, पुढच्या रेघेतच रंग भरला आणि घसरलेल्या दुसऱ्या रेघेत नुसतं करडं-निळं पाणी सोडलं. वाळल्यावर बघते, तर एका फुलामागे त्याची सावली उभी. उजेड कुठून येतो आहे तेही कळत होतं. माझ्या हातून आजवर असं फूल उतरलं नव्हतं. पण सगळ्या दुहेऱ्यांचं असं होत नाही. जिथे रेघ मुद्दाम घसरवल्यासारखी दिसते, तिथे सावली मेलेली वाटते. म्हणून तिघींना पास केलंय, बाकीच्या नापास.

भावजींना सांग, टेबलाचा आखूड पाय तेवढा खरा होता. मी खाली पुठ्ठा लावून आले आहे.
आपला लोभ तुझ्या ठोकळ्यासारखा, दोघींनी धरला तर जड नाही.

तुझी
टिटवी


९ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अ. आ.

सांगते आहे मी, लिहिते आहे बेबी. तिच्या अक्षराला नावं ठेवू नकोस, ती रडते आहे आणि तरी ओळी सरळ ठेवते आहे. माझं बोलणंही आता दर दोन शब्दांनी दम खातं, त्यामुळे मुद्द्याचं तेवढंच.

तू यायला निघते आहेस असं कळलं. ये. पण मी भेटले नाही, तर गाडी उशिरा आली म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. आपल्याला भेटायचं होतं ते आपण एप्रिलमध्ये, त्या खिडकीपाशी भेटलो.

पहिली सावलीची लिली सिस्टरांना पाठव. त्या वृद्धाश्रमात आहेत, माणसं ओळखत नाहीत म्हणतात, पण कागद ओळखतील. वर काही लिहू नकोस. दुसरी आमच्या शेजारच्या शिंप्यांना. इतकी वर्षं आपल्या कार्डांचे कोपरे त्यांनी आपल्या कात्रीने गोल कापून दिले आणि आपण त्यांना कधी एक कार्ड दिलं नाही, हे माझ्या परवाच लक्षात आलं. तिसरी बेबीची.

पत्र्याच्या डब्यातले कोरे ठसे तू ने. त्यातून दर वर्षी ह्यांच्या वाढदिवसाला एक रंगवून पाठव. कोणी पाठवलं ते लिहायचं नाही. त्यांना कळेल, आणि न कळल्यासारखं करण्यात त्यांचा वेळ जाईल. डेलिया जांभळा नको, तो त्यांना आवडत नाही, मला कधी बोलले नाहीत एवढंच.

सगळे ठोकळे बेबीचे. लिलीच्या शिक्क्याची एक पाकळी झिजली आहे, तिथे बोट थोडं जास्त दाबावं लागतं, ते तिला दाखवलं आहे. ती आता रोज माझ्यासमोर ठसे मारते. वाईट येतात.

म्हणून पेन्सिल. तू मोडलेली, तिचे दोन तुकडे झालेत ते बरंच झालं. एक तुझ्याकडे ठेव, तिच्या ठशांसाठी. दुसरा बेबीला दे, तुझ्या रंगांसाठी. मी गेल्यावर दोघी एकमेकींना जपाल, म्हणून आत्तापासून बजावते. जपा, पण वा वा म्हणू नका.

सहीच्या जागी लिली आहे. ती मी एकटीने मारली, बेबीने हात लावलेला नाही. वाकडी आली आहे. ती तुझी. शेरा मार, पण परत पाठवू नकोस.

ताई