माप न घेतलेली माणसं

आबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. धुळ्यात, देवपुरात तुमचं शिलाईचं दुकान होतं तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. मी जळगावला एका कॉलेजात सिनेमा शिकवते. तुम्हाला हे खरं वाटलं नसतं. ‘सिनेमा काय शिकाडानी चीज शे का?’ असं म्हणून तुम्ही पुन्हा मशीनवर वाकला असतात. यंदा मी शिकवते ते सिनेमे सगळे एका जातीचे आहेत. उद्याचं एखादं भयाण राज्य, राखाडी शहर, चौकात भला मोठा पडदा, त्यावर एकच चेहरा, कर्ण्यातून सूचना आणि खाली एकसारख्या कपड्यांत, एकाच वेळी टाळ्या वाजवणारी माणसं. सत्ता कशी दाखवतात, विचार माणसांच्या डोक्यात कसा भरतात, हे मी मुलांना दृश्य थांबवून थांबवून दाखवते.

असला एक सिनेमा तुम्हीही पाहिला होता. मी एम.ए.ला होते, सुट्टीत धुळ्याला आलेली. रविवारची दुपार आहे, माय आत भरितासाठी वांगी भाजते आहे, धूर बाहेरच्या खोलीपर्यंत येतो आहे. मी मैत्रिणीकडून आणलेली सीडी लावली आहे आणि तुम्ही बनियनवर, गळ्यातली टेप न काढता, पलंगाच्या कडेला बसला आहात. भाषा तुम्हाला कळत नव्हती, म्हणून मी मोठ्या हौसेने समजावत होते, की आबा, हा पडद्यावरचा चेहरा बघा, ही सत्ता. तुम्ही त्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तुमची नजर खालच्या गर्दीवर होती. “देख ना,” तुम्ही म्हणालात, “या बठ्ठासना कपडा एकच मापना शेतस. एकना गळा ढिला, एकनी बाही आखूड. कोन्ही यासनं माप लिधं नही.” सगळ्यांचे कपडे एकाच मापाचे, माप कोणाचंच घेतलेलं नाही, एवढंच तुम्हाला दिसलं म्हणून मी हसले. मनात म्हटलं, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या माणसाला शिवणच दिसणार.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या हातात एका शाळेच्या गणवेशांचं काम होतं. नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी सांगितलं, एकेका मुलाचं माप घेत बसायचं नाही. लहान, मध्यम, मोठा, बस. वेळ वाचेल आणि रांगेत शिस्त दिसेल. तुम्ही मान हलवलीत आणि पंधरा दिवस तीनच मापांचे शर्ट शिवलेत. मग एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचा डावा खांदा जन्मापासून उतरलेला. नव्या शर्टची कॉलर सारखी त्या बाजूला घसरायची, मुलं हसायची, म्हणून ती शाळेत जायला तयार नव्हती. मी त्या दिवशी दुकानात काजं करत बसले होते. तुम्ही तिला स्टुलावर उभं केलंत, दोन्ही खांद्यांची वेगवेगळी मापं घेतलीत, शिवण उसवलीत, डाव्या बाजूला आतून कापडाची घडी भरलीत. शर्ट घालून ती आरशासमोर उभी राहिली. नुसती हात वर-खाली करून बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून बाकीची मुलंही यायला लागली. कोणाला काखेत काचत होतं, कोणाची बाही बोटांवर येत होती.

आठवड्याने मुख्याध्यापक स्वतः दुकानात आले. “भाऊ, सगळे सारखे दिसले पाहिजेत. नियम आहे तो,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. तुम्ही उठून त्यांना बसायला दिलंत आणि म्हणालात, “नियम शर्टले शे ना सर. खांदाले कसा लागू व्हई?” ते बसले नाहीत. पुढच्या वर्षी त्या शाळेचे शर्ट बाहेरगावाहून तयार यायला लागले. मला मात्र तुमचा केवढा अभिमान वाटला होता! घरी येताच मी म्हटलं, “आबा, हे तर बंड झालं!” तुम्ही ताटावरून मान वर केलीत, आणि माझ्यावर इतके चिडलेले तुम्ही मला दुसऱ्यांदा आठवत नाही. “मोठा मोठा शब्द नको लावू. पोरगीले शाळामा जावानं व्हतं. बस.”

आता माझं सांगते. माझ्या वर्गात रावेरची एक मुलगी आहे. घरी केळीचं पॅकिंग चालतं, सकाळची गाडी पकडून येते, पहिल्या बाकावर बसते. तिने या सिनेमांवर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. शेवटच्या परिच्छेदात तिने आमच्या कॉलेजबद्दल लिहिलं होतं. आमच्याकडे संस्थेची प्रत्येक पोस्ट मुलांनी लाइक करायची असते आणि ज्यांनी केली नाही त्यांची यादी वर्गप्रतिनिधीने ऑफिसात द्यायची असते. तिने लिहिलं, ‘आमच्याकडे चौकात पडदा नाही, पण टाळ्या मोजल्या जातात.’ प्राचार्यांनी मला बोलावलं, चहा मागवला. “मॅडम, लेख फार छान. तेवढा शेवटचा भाग तुम्ही बघून घ्या. तुम्ही समजूतदार आहात.” हुकूम नाही, धमकी नाही. मी त्या मुलीला बोलावलं, समोर बसवलं, तिच्यासाठीही चहा मागवला. म्हटलं, “तुझ्या भल्यासाठीच सांगते, लेख त्याशिवायही पूर्ण वाटतो.” ती “हो मॅडम” म्हणाली आणि माझंच पेन घेऊन तिथल्या तिथे परिच्छेदावर रेघ मारली.

वार्षिक छापून आलं. ती मागच्या बाकावर बसायला लागली. मग परवा वर्गात एक दृश्य चाललं होतं. टेबलामागे एक साधा अधिकारी, चष्मा पुसतो, समोरच्या बाईला पाणी देतो, आणि कागद पुढे सरकवून म्हणतो, सही केलीत तर तुम्हालाच बरं. हे दृश्य मी दहा-बारा वेळा तरी शिकवलं असेल. दर वेळी मी स्वतःला गर्दीत शोधलं होतं, नाहीतर त्या बाईच्या खुर्चीत. परवा मी टेबलामागे दिसले. दृश्य थांबवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की वार्षिकातल्या एका लेखाचा शेवट मी कापायला लावला, आणि तो कापायला नको होता. तुमच्या दुकानाची गोष्टही मी तेव्हाच सांगितली.

ती मागून उभी राहिली. “मॅडम, तुम्ही ओरडला असतात ना, तर मी ‘नाही’ म्हणाले असते. तुम्ही फार प्रेमाने सांगितलंत.”

मी मान डोलावली. म्हटलं, “बरोबर आहे तुझं. हे लिहून काढ, आणि या वेळी एक ओळही कापू नकोस.” तास संपल्यावर मी प्राचार्यांकडे जाऊन, तो परिच्छेद माझ्या सांगण्यावरून गेला आणि ते चुकलं, असं लेखी देऊन आले. त्यांनी कागद न वाचता फायलीत ठेवला. ती मुलगी अजून मागेच बसते, पण लिहिते आहे.

हे पत्र मी कुठे ठेवणार, कोणाला दाखवणार, काही ठरवलेलं नाही. तुमच्यापर्यंत तर ते जाणारच नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. ती उभी राहून बोलली ना आबा, तेव्हा मला तिचा राग आला होता. थोडा अजूनही आहे.