ऑकलंड ते सिडनी, साडेतीन तास

अण्णा, ‘फक्त’ या अव्ययाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती ऐकून घेईल असा वैयाकरण घरात उरला नाही, म्हणून तुम्हाला त्रास देतो. हा शब्द बाहेरून आला आणि त्यानं आपल्या ‘केवळ’ला पोथीत नेऊन बसवलं, तेही मी सोसलं असतं. पण माझे व्याही तो फार निर्दयपणे वापरतात. ते ऑकलंडला राहतात, आणि त्यांची सून, म्हणजे माझी मुलगी, सिडनीला. “फक्त साडेतीन तास हो! त्यातून तिथलं घड्याळ दोन तास मागे. आठला निघालो, साडेनऊला सूनबाईच्या हातचे पोहे!” म्हणजे काळही त्यांना सवलत देतो. नकाशा मी पाहिला आहे. मध्ये दोन हजारांवर किलोमीटर, सगळा समुद्र. पूर्वी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त असे. या गृहस्थांना पोहे मिळतात.

इथे पनवेलला आता विमानतळ झालाय. आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींवरून विमानं जातात. कुठे जातात ठाऊक नाही. सिडनीला जात नाहीत, एवढी चौकशी केली आहे. आम्हाला वाटेत विमान बदलून, ताटकळून, अख्खा दिवस लागतो, शिवाय व्हिसा. “किती जळाल! उदबत्ती लावायला काडेपेटी नको घरात,” ही म्हणते.

तुम्हाला आठवतं? ताईच्या लग्नाचं चाललंय, ती स्वयंपाकघरात वाल सोलते आहे आणि तुम्ही पाटावर बसून मला व्युत्पत्ती शिकवताय. दुहिता म्हणजे दूरे हिता, लांब असण्यातच जिचं हित. ताई मान वर न करता म्हणते, “मग अण्णा, नागपूरचं स्थळ का मोडलंत? मला पेणला का देताय?” तुम्ही गंभीरपणे म्हणता, “व्युत्पत्ती वर्गात. मुलगी पेणला.” मी हसलो तर माझ्यावरच घसरलात, “दात काय काढतोस? ‘दुहितृ’ चालव!” पुढे तिला टायफॉइड झाल्याचा निरोप आला, तसे तुम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी एसटीत बसलात. तिचे सासरे कामावरून घरी आले, तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी होतात. व्याह्यांचा हेवा मी उघड करतो, तुमचा मनातल्या मनात.

गेल्या महिन्यात मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आम्हाला कळलं ते ती घरी परतल्यावर, तेही व्याह्यांच्या तोंडून निसटलं म्हणून. “अहो, तुम्हाला माहीत नव्हतं? आम्ही तर त्याच दुपारी पोचलो!” हे कळलं त्याच्या आदल्याच दिवशी मी तिच्याशी बोललो होतो, अण्णा. “कशी आहेस?” “मजेत, बाबा. तुमचा गुडघा काय म्हणतो?” आणि मी बराच वेळ गुडघ्यावर बोललो. नंतर रागावलो तर म्हणाली, “तुम्हाला येता आलं नसतं ना, मग उगीच जिवाला घोर कशाला?” बोलण्यात खोट काढता येईना.

तुम्ही गेलात तिथे टपाल पोचत नाही; हे ताईलाही दाखवणार नाही. व्याह्यांवर मी जळत राहीन; तो माझा विरंगुळा आहे. भीती वाटते ती निराळीच. मुलगी रोज फोन करते, रोज मजेत असते, आणि त्यातलं कुठलं खरं, हे मला आता आवाजावरून ओळखता येत नाही.