कुमाच्या पेटीतल्या अळ्या

२ जानेवारी

छस्स — वितळलेलं शिसं थंड पाण्यात पडतं, तो आवाज. मी सहा वर्षांचा असेन. कुत्र्याला भ्यालो आणि बोलेनासाच झालो. गावातल्या स्टामेनाबाईनं माझ्या डोक्यावर फडकं धरलं आणि वर वाडग्यात शिसं ओतलं. भीती ओतून काढायची ती रीत. थिजलेला तुकडा दाखवून म्हणाली, बघ, ही तुझी भीती, कान दिसतात का? मला खरंच कान दिसले!

आज सत्तर वर्षांनी चुलीपाशी शिसं वितळवत होतो, गळांना वजनाची डोकी ओतायला. एक थेंब बादलीत पडला. छस्स. तीच भीती.

कारण त्याच्या आधी तासभर ल्युबिंकोची पेटी उघडली होती. आत अळ्या नाहीत. एक गोळा आहे.

३ जानेवारी

झोप नाही. नीट लिहून काढतो.

ल्युबिंको नोव्हेंबरात डोळ्याच्या ऑपरेशनला नोवी सादला लेकीकडे गेला. जाताना पेटी माझ्या हातात दिली. ट्राउट मासे पकडायला आमिष म्हणून स्वतः ओतलेल्या एकोणीस मऊ प्लास्टिकच्या अळ्या. "सगळं धुक्यातून दिसतं रे," म्हणाला, "पुन्हा ओतणं काही व्हायचं नाही. उघडू नकोस, नुसती सांभाळ."

मी तेव्हाच उघडली. रंगांची नुसती सरमिसळ होती. फिकी, गडद, फिकी, गडद — लघु-गुरूसारख्या मांडल्या. शाळेतली नदीची कविता मनात चालूच होती. शेवटी फिक्या तीन कमी पडल्या. ओळ अपुरी राहत होती! म्हणून माझ्याकडच्या दुकानातल्या तीन, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या गुलाबी अळ्या घातल्या. त्याला भेट, असंही वाटलं.

गेल्या वर्षी गिरणीच्या डोहाशी त्याचा मोठा मासा काठाला आला, तेव्हाही मी कविता म्हणत होतो. माझ्या हातातलं जाळं वाहून गेलं, मासाही. "तुझ्या कवितेनं नेला," म्हणाला. आठ महिने बोलला नाही. पेटी देताना बोलला: "माझं इथे दुसरं आहे कोण."

भावाशी भांडण खपतं. कुमाशी नाही. कुमा म्हणजे माझ्या लग्नात शेजारी उभा राहून साक्ष दिलेला माणूस; तेव्हापासून दोघंही एकमेकांना कुमाच म्हणतो!

५ जानेवारी

गळांच्या दुकानात गेलो. म्हटलं, एका मित्राचं असं असं झालंय. दुकानवाली राडोयका हसली. "काका, ती ताणली जाणारी जात वेगळी. साध्या मऊ प्लास्टिकला खाऊन टाकते. दोन सवती एका खोलीत कोंडल्यात, वर शेकोटीशी ठेवल्यात." मी शेकोटी बोललोच नव्हतो. तिला कळलं, मित्र कोण ते.

साचा करून पुन्हा ओता म्हणाली.

८ जानेवारी

एक वाचली आहे! झाकणाच्या बुचात टोचून ठेवलेली, शेवाळी रंगाची, गळासकट. काल, आमच्या सात जानेवारीच्या नाताळाच्या जेवणातही मन तिच्यापाशीच होतं. आज तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला. आकार हुबेहूब. शेपूट नखाच्या कात्रीनं कापायची त्याची पद्धतही जमली. माझे हात अजून चांगले आहेत.

रंग जुळत नाही. त्याचा तपकिरी अक्रोडाच्या सालीचा, माझा खोकल्याच्या औषधाचा.

११ जानेवारी

त्याचा फोन. ऑपरेशन एकदाचं झालं, पट्टी आहे. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा आमच्या स्लावाला, घरच्या संताच्या सणाला, येणार नाही. थेट फेब्रुवारीअखेर येईल, एक मार्चला मासेमारीसाठी नदी उघडते तेव्हा.

मग एक मार्चचंच बोलत राहिला. पाणी निवळ असेल तर एक ग्रॅमचं डोकं आणि शेवाळी अळी, तळाशी सावकाश उतरू दे. बर्फ वितळून गढूळ झालं तर तीन ग्रॅम आणि काळी. अळी गळावर सरळ ओव, वाकडी बसली की गरगर फिरते, ट्राउट मूर्ख नाही. मी हो हो म्हणत होतो.

"पेटी ठीक ना?"

"ठीक आहे," म्हणालो.

१२ जानेवारी

का म्हणालो?

१५ जानेवारी

बायको, वुकोसावा, प्लास्टिक वितळवून खराब केलेल्या कढईवरून भडकली. "म्हाताऱ्या, माझं पित्ताचं ऑपरेशन होतं तेव्हा तू जेवून गाढ झोपला होतास. प्लास्टिकसाठी जागतोस." थोड्या वेळानं, पाठमोरीच, "सांगून टाक त्याला."

सांगितलं तर तो ओरडणार नाही. गप्प बसेल. ते आठ महिने पाहिलेत. आता आमच्याकडे किती आठ महिने उरलेत?

१८ जानेवारी

अठरा ओतल्या. वाचलेली धरून एकोणीस. काळ्या बऱ्या. तपकिरी नाहीच. उजेडात धरली की लगेच कळतं. झाकण उघडताक्षणी ओळखेल तो. रंगावरच ओळखेल.

२० जानेवारी, स्लावा

आमच्या संताचा दिवस. आज कुणाला बोलवायचं नसतं, आल्याला परत पाठवायचं नसतं. दुपारी पाहुणे पांगले. वुकोसावा ताटं उचलत होती. दार वाजलं.

ल्युबिंको. काळा चष्मा, बुटांना बर्फ. बसथांब्यापासून एकटा चालत आला.

"एक्कावन्न वर्षं आलो. आज कसा चुकवू?"

मेणबत्तीपुढे बसला. वाइनचा पेला उचलून बराच वेळ बघत राहिला. "माणूस दिसतो, उंबरा दिसतो. रंग गेले, कुमा. ही वाइन, तू, सगळं राखेचं. डॉक्टर म्हणतो, आता असंच." मग म्हणाला, "पेटी आण. यापुढे रंग तू सांगायचास. तू म्हणशील तो खरा."

आतल्या खोलीत उभ्यानं लिहितोय. समोर दोन्ही आहेत. त्याची पेटी, एकोणीस अळ्या, रंग सोडला तर केसाचाही फरक नाही. आणि शेजारी तो गोळा.

बाहेरून हाक: "कुमा, कविता म्हणतोयस की काय?"

पेटी तिथेच ठेवून गोळा उचलला, त्याच्यापुढे न्यायला. वाटला होता तेवढा जड नाही.