लाल दोऱ्याचा जोड

तीर्थरूप मामांस,

ज्या पायाचा गुडघा दुखत नसेल त्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. (दोन्ही दुखत असतील तर लांबूनच.) मामींनाही तसाच. गॅरेजचं शटर वेळेवर उघडत असेल आणि गिऱ्हाइकांवर ओरडणंही नियमित चालू असेल, असं धरून चालतो. आम्ही सगळे मजेत आहोत. फक्त माझी व्हॅन मजेत नव्हती. फोनवर तुम्ही माझ्या दुसऱ्या वाक्याला "कळलं" म्हणून ठेवून देता, म्हणून तिची हकीकत कागदावर लिहितोय.

आधी एक खुलासा. तुमच्या एकुलत्या एका मुलीचं नाव तुमच्यासमोर काढायचं नाही, हा तीन वर्षांपासूनचा नियम मी विसरलेलो नाही. म्हणून या पत्रात व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी जी बाई येणार आहे, तिला मी नुसतं "मीटरवाली" म्हणणार आहे. ती कोण हे तुम्ही ओळखू नये, ही विनंती.

तर, मी रोज सकाळी सहा शिक्षिकांना शाळेत पोचवतो. महिन्याभरापासून व्हॅन वाचनालयाजवळच्या डाव्या वळणावर आली की एक हुंदका द्यायची आणि बंद पडायची. वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. त्या वीस मिनिटांत मागच्या सीटवर पेपर तपासून व्हायचे. (इतिहासाच्या बाई तर म्हणाल्या, दुरुस्तीची घाई करू नका, माझा अजून एक गठ्ठा राहिलाय. गणिताच्या बाईंनी मात्र आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतले माझे सगळे मार्क मला आठवले.) तुमचा भाचा म्हटल्यावर मी हात बांधून थोडाच बसणार? तुमच्यासारखा स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला लावून इंजिन ऐकलं. कानाला चटका बसला, बाकी काही ऐकू आलं नाही. मग कोड वाचायचं यंत्र मागून आणलं. त्याने सांगितलं, इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला कळवणारा जो सेन्सर असतो, त्याच्या सर्किटमध्ये बिघाड. मी सेन्सर बदलला. गाडी वाचनालयाजवळ बंद पडली. कंपनी बदलून दुसरा सेन्सर घातला. गाडी वाचनालयाजवळ बंद पडली. तिसऱ्या वेळी मी वाचनालयावरून जाणंच सोडून दिलं, तर गाडी दवाखान्याजवळ बंद पडली. तिथेही डावं वळण आहे.

शेवटी नाक मुठीत धरून मीटरवालीकडे गेलो. जागा केवढीशी, पण ठेवलीय काय! भिंतीवर वायरी रंगाप्रमाणे टांगलेल्या, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, टेबलावर तेलाचा एक डाग नाही. (तुमच्या गॅरेजात मला एकदा पान्ह्यांच्या पेटीत चष्मा सापडला होता. तो कोणाचा होता हे अजून कळलेलं नाही.) मी मूळचा एक आणि नवे दोन, असे तिन्ही सेन्सर तिच्यापुढे ओळीने मांडले. तिने एकेक तपासला, तिन्ही चांगले आहेत म्हणाली, एक गाडीत बसवला आणि दोन परत दिले. मग मला समजावलं की यंत्र सर्किटमध्ये बिघाड म्हणतं, सेन्सर खराब असं म्हणत नाही. हाक आली नाही म्हणजे माणूस मुकाच असेल असं नाही, मधलं दार बंद असू शकतं. हे वाक्य मी तेव्हापासून चार ठिकाणी माझं म्हणून वापरलंय.

आता मामा, राग बाजूला ठेवून पुढचं वाचा, कारण असं काम मी जन्मात पाहिलं नाही. सेन्सरच्या प्लगमध्ये तीन वायरी. एकीवर पाच व्होल्ट येतायत का पाहिलं, येत होते. सिग्नलची वायर आतून तुटलीय का पाहिलं; नव्हती. उरली अर्थिंगची. इंजिन चालू ठेवून तिने मीटरची एक टोचणी त्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. आकडा जवळजवळ शून्य. मी म्हटलं, झालं, हीसुद्धा चांगली. तिने पिशवीतून काय काढावं? हेअर ड्रायर! त्याने ती वायरिंगची जुडी वीतभर वीतभर शेकत गेली आणि दुसऱ्या हाताने हलकेच डावीकडे ओढत गेली, गाडी वळताना ओढ बसते तशी. बॅटरीच्या मागे हात पोचला आणि मीटरवरचा आकडा टुणकन वर उडाला. व्हॅनने तोच ओळखीचा हुंदका दिला आणि बंद पडली. मी टाळ्या वाजवल्या. बिघाड झाल्याबद्दल टाळ्या वाजवणारं पहिलं गिऱ्हाईक मीच, असं ती म्हणाली.

बॅटरीच्या मागे त्या वायरीला एक जोड निघाला. डावीकडे तीन पीळ, उलटा एक, वर काळी टेप आणि टेपवर लाल दोरा गुंडाळलेला. मामा, टेपवर मामींच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधणारा मेकॅनिक जगात एकच आहे. अकरा वर्षांपूर्वी उंदरांनी वायर कुरतडली तेव्हा तुम्हीच ती जोडून दिली होती. मला वाटलं, आता ताई हसणार. (मीटरवाली म्हणायचं होतं. खोडत नाही, कागद खराब होतो.) तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकासमोर ती "बाबा, पार्ट चांगला आहे, वायर गेलीय" एवढंच म्हणाली, तर तुम्ही "इथे बिघाड कानाने ओळखतात" म्हणत तिचा मीटर कपाटात कोंडलात. हसायला तिला पुरेपूर हक्क होता. पण ती हसली नाही. जोड कापून तळहातावर घेत म्हणाली, "इतक्या उष्णतेत अकरा वर्षं टिकला. माझा टिकेल की नाही, सांगता येत नाही." मग तिने वायरीला कथलाची झाळ दिली, वरून नळी चढवली, आणि खणातून लाल दोरा काढून त्यावर गुंडाळला. याची काय गरज, असं मी विचारलं. गरज काही नाही, म्हणाली. तुमचा जुना जोड तिने चिठ्ठी न लावलेल्या एका डबीत ठेवला.

व्हॅन आता डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे वळते. इतिहासाच्या बाई थोड्या नाराज आहेत. लहानांना गोड पापा द्यायला घरात लहान कोणी नाही, तेव्हा तो मामींना द्या.

तुमचा भाचा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता माझी व्हॅन तुमच्या दारात बंद पडणार आहे. कोणता प्लग उपसायचा हे मला आता ठाऊक आहे. मी घाबरून ताईला बोलावीन. तुम्ही फक्त घरी राहा आणि बॉनेट उघडू नका.

ता. क. २ : मामी म्हणाल्या की कपाटातल्या त्या मीटरची बॅटरी तुम्ही दर सहा महिन्यांनी गुपचूप बदलता. त्यांना रागावू नका. मीच खोदून खोदून विचारलं.

ता. क. ३ : माझं हे कारस्थान ताईने एका मिनिटात ओळखलं. रविवारी ती येते आहे. पण स्वतःचा मीटर आणणार नाही म्हणते. तिथे माझा एक आहे, म्हणाली, फक्त त्याची बॅटरी संपली असेल. तुम्ही ती बदलता हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तिला तुमच्या हातून कळू द्या.