सात नंबरचं मशीन

चुडावा, ता. पूर्णा
गुरुवार, सकाळ

प्रिय सिद्धोधन,

सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कालपासून तीनदा सुरुवात केली आणि तीनदा उठले. एकदा चहा ठेवायला, एकदा कपडे वाळत घालायला, आणि एकदा तर काहीच कारण नसताना फाटकापर्यंत जाऊन आले. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागल्यावानी काय करायलीस गं?" तिला काय सांगणार? जे सांगायचं ते आधी तुलाच सांगायला हवं.

जूनपासून मी इकडेच आहे. बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. रेल्वेत गँगमन म्हणून पस्तीस वर्षं रूळ तपासत चाललेला माणूस, आता काठी घेऊन अंगणात दहा फेऱ्या मारतो आणि अकरावी मारू दिली नाही म्हणून दिवसभर फुगून बसतो. कंपनीनं घरून काम करू दिलं. काम असं दिलं की नव्या मुलांना शिकण्यासाठी एक खोटं डेटा सेंटर उभं करायचं. तू गेल्यावर साहेबांनी नियमच केला, खऱ्या मशीनला हात लावण्याआधी प्रत्येकानं खोट्यावर सराव करायचा. 'तू गेल्यावर' हे किती सहज लिहून गेले बघ. तू गेला नाहीस. तुला घालवलं.

ऑफिसातला एक जुना दणकट संगणक पोत्यात गुंडाळून मी रेल्वेनं आणला. मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी ठेवला आणि त्याच्या पोटात सहा खोटी मशीन तयार केली. आईनं विचारलं, एका डब्यात सहा कशी? मी तिला म्हटलं, लोक क्लाउड क्लाउड म्हणतात, पण शेवटी कुठल्यातरी खोलीत खरीखुरी लोखंडी मशीनच असतात. कोणाला अख्खं मशीन हवं असलं की आम्ही ते लांबूनच चालू करतो, पुसून कोरं करतो आणि त्याच्या हवाली करतो. इथंही तेच, फक्त मशीन खोटी. "म्हंजी भातुकलीच की," ती म्हणाली. मला जरा लागलं, पण तिचं चूक नव्हतं. खोट्या मशीनला बटण नसतं, म्हणून बटणाचं सोंग घेणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. तो नीट बसवायलाच मला आठ दिवस लागले. मग ती सहाही एकेक करून जागी झाली आणि नेटवर्कवर विचारू लागली, मी कोण, मी काय करू. हा क्षण तुला फार आवडायचा. तू म्हणायचास, शाळेच्या पहिल्या दिवशीची पोरं अशीच दिसतात. त्या दिवशी मी एकटीच हसले आणि मग लगेच पडदा बंद करून बाहेर आले.

मला आता ती मार्चमधली दुपार लिहायची आहे. तुला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल, तरी लिहू दे. एका ग्राहकानं सोडलेलं सात नंबरचं मशीन पुसायचं काम तुझ्याकडे होतं. तू सकाळी दहाला, कुठलं मशीन कोणाकडे आहे ती यादी पाहिलीस, पुन्हा पाहिलीस, आणि नियमाप्रमाणे काम दुपारी एक वाजता आपोआप व्हावं असं लावून ठेवलंस. एक वाजता पुसलं गेलं ते बियाण्यांच्या चाचण्या घेणाऱ्या त्या लहान कंपनीचं मशीन. सात महिन्यांच्या नोंदी होत्या. त्यांची दुसरी प्रत जुनी निघाली. त्या कंपनीच्या बाई फोनवर ओरडल्यासुद्धा नाहीत, एवढंच म्हणाल्या की पीक आता कापून गेलं, ते आम्ही पुन्हा कुठं मोजणार? तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

नंतर यादी उघडली तर सात नंबरसमोर त्यांचंच नाव. आदेश तुझ्या नावानं, नंबर तुझ्या हातचा. तू सारखं एकच सांगत होतास, "मी दोनदा पाहिलं होतं, सात नंबर रिकामं होतं." बैठकीत साहेबांनी मला विचारलं, तू याला ओळखतेस, तुला काय वाटतं? मी म्हणाले, "सिद्धोधन काळजीनं काम करतो, पण घाईत माणसाकडून चूक होते." मला वाटलं मी तुझी बाजूच घेते आहे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि समोरचे कागद गोळा करू लागलास. दिवाळीत तू आमच्या घरी येऊन गेला होतास, बाबांना तू पसंत होतास, लग्नाचं उत्तर मी तुला द्यायचं होतं. ते उत्तर त्या टेबलावरच राहिलं. खरं सांगायचं तर मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. 'चुकला असेल' असं मनाशी म्हणून मी शांत झोपत होते.

आता या महिन्यातलं सांगते. सरावासाठी मी ऑफिसचेच प्रोग्राम जसेच्या तसे इथं आणले. त्यात माझी ती स्क्रिप्टही होती, जी मशीन शोधून त्यांना आपोआप नंबर देते. तिच्यासाठी मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली होती, आणि सगळ्यात मोठ्यानं टाळी तू वाजवली होतीस. गेल्या मंगळवारी सकाळी अकराला लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर पंख्यापुरता, संगणक धाडकन बंद. लाइट आल्यावर सहाही मशीन पुन्हा जागी झाली. मी अर्धवट काम पुढं नेलं, रिकामं तीन नंबरचं मशीन पुसायला सांगितलं, आणि पुसलं गेलं दुसरंच, ज्यावर मी चार दिवस खपून धडे लिहिले होते ते. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? घाईत चुकले असेन. अगदी तेच शब्द, सिद्धोधन.

जेवताना बाबांना नुसतं एवढंच सांगितलं की काम बिघडलं, माझंच लक्ष नसेल. ते भाकरी मोडत म्हणाले, "आमच्यात गाडी घसरली की आधी रूळ बघत्यात, मग डायव्हरला धरत्यात. तू रूळ बघितलास का?" मी ताटावरून उठले. हात धुवायचंही भान राहिलं नाही.

त्या दुपारी मी अकरा वेळा प्लग काढला आणि अकरा वेळा लावला. आई ओरडत होती, "जळंल की ते, खटखट काय लावलीस!" सात वेळा नंबर जागच्या जागी राहिले, चार वेळा बदलले. माझी स्क्रिप्ट मशीनला नंबर देते तो जागं होण्याच्या क्रमानं. जे आधी उठेल ते एक, मग दोन. सगळं सुरळीत असलं की रोज तोच क्रम. पण वीज जाऊन आली की एखादं आधी उठतं, एखादं उशिरा, आणि नंबर इकडचे तिकडे होतात. जुनी यादी ती स्क्रिप्ट पुसून टाकते, मागं खूणही ठेवत नाही. मी मार्चमधल्या त्या दिवसाची, पुण्याच्या ऑफिसच्या इमारतीची विजेची नोंद मागवली. दुपारी बाराला जनरेटरची चाचणी झाली होती. त्यात आपल्या मशीनचा अख्खा रॅक बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. तू दहाला पाहिलंस तेव्हा सात नंबर रिकामंच होतं. बारानंतर ते बियाणेवाल्यांचं झालं. ते मी केलं.

काल सगळं लिहून साहेबांना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, चांगलं शोधलंस, पण तुझं नाव कशाला? 'प्रणालीतील दोष' एवढं लिही, तुझ्या बढतीचा विचार चालू आहे. मी म्हणाले, सर, त्याचं नाव लिहिताना कुणी 'प्रणाली' लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, सोमवारी बघू. बढती जाईल, कदाचित नोकरीही जाईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी तुलाही फोन येईल. परत ये म्हणतील. जायचं की नाही ते तू ठरव. त्यांच्याकडून अर्धवट कळण्याआधी तुला माझ्याकडून पूर्ण कळावं, हे या पत्राचं एक कारण. दुसरं मला परवाच समजलं. पूर्णेतल्या एका लग्नात माझी आई तुझ्या आईच्या पंगतीला होती. कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "बायनाबाई, पोरानं पुण्यात लय मोठं नुकसान केलं म्हणं?" आणि त्या माउली अर्ध्या ताटावरून उठून गेल्या. आईनं मला हे सहज सांगितलं, त्यात माझा हात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. म्हणून हे पत्र आजच स्पीड पोस्टानं टाकते, आणि रविवारी सकाळी परभणीहून तुमच्या सोनपेठची एसटी धरते आहे. तुला मला पाहायचं नसेल तर त्या वेळी बाहेर जा, मी वाईट वाटून घेणार नाही. मला तुझ्या आईसमोर बसायचं आहे. नुकसान कुणी केलं ते त्यांना माझ्या तोंडून सांगायचं आहे, आणि शेजारपाजारचं कुणी ऐकत असेल तर दार उघडंच ठेवायचं आहे.

तुझीच सहकारी,
सुकेशनी