भिंतीच्या दगडांचा गोठा

प्रिय ताई,
तुझ्या लाडक्या चोराचा नमस्कार.

मी मजेत आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवतो, खोकलाही गेला. आईची पाठ कशी आहे?

या सुधारशाळेत आलो त्या दिवशी पळून जायला भिंत शोधत शाळेच्या शेतभर हिंडलो. भिंतच नाही! गोठ्यावरचे म्हातारे मास्तर हसले. म्हणाले, "भिंत होय? ती या गोठ्यात बघ."

पूर्वी इथे दोन पुरुष उंच भिंत होती. मास्तर तेव्हा इथे शिक्षा भोगणारं पोर होते. एका हिवाळ्यात उघड्यावरच्या गाई गारठून मरायला लागल्या, तेव्हा मोठ्या साहेबांना विचारून पोरांनी भिंत पाडली आणि त्याच दगडांचा गोठा बांधला. एकही पोर पळालं नाही म्हणे.

त्याच गोठ्यातल्या तीन गाई आता माझ्याकडे आहेत. एकीने परवा लाथ मारली. काळजी करू नकोस, दात नुसता हलतोय.

पोलिसांना माझं नाव तूच सांगितलंस, म्हणून भेटायला येत नाहीस ना? वेडी आहेस. तू सांगितलंस म्हणून मी इथे आलो, नाहीतर कुठल्या कुठे गेलो असतो.

पुढच्या महिन्यात सुटतोय. न्यायला कोण येणार, असं मास्तरांनी विचारलं. पोलिसांना तू माझं नाव दिलं होतंस, आता मी तुझं दिलंय.

वाट बघतोय,
तुझा धाकटा