ठाऊक न्हाई म्हटल्याबद्दल

गुरुजी, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही, उलट यंदा तो चांगलाच पेटलाय. रामनगरची शाळा, सातवीचा वर्ग. कॅसलरॉककडून आणलेला काळा दगड तुम्ही टेबलावर ठेवता आणि विचारता, हा कसला? मी म्हणते, ठाऊक न्हाई. सप्पकन छडी बसते. शेजारची तेच कन्नडात, ‘गोत्तिल्ला’ म्हणते, तिलाही तेवढीच. "न्हाई म्हणायचं न्हाई. काय तरी सांग," तुम्ही म्हणालात. मी घाबरून मँगनीज म्हटलं. मामा खाणीवर जायचा, म्हणून तो शब्द तोंडात होता, बाकी मला डोंबल कळलं नव्हतं. नेमकं तेच बरोबर निघालं आणि तुम्ही मला खिशातलं शाईचं पेन काढून दिलंत. आई तर हरखून गेली.

त्या शाबासकीनं माझं वाटोळं केलं. आता मी बेंगळुरात प्रयोगशाळेत धातू तपासते. घासून चकचकीत केलेल्या तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत पडतो, एकेका कणावरून पट्ट्यापट्ट्यांची नक्षी पडद्यावर उमटते, आणि संगणक ती आम्ही दिलेल्या यादीशी ताडून त्या कणाची फेज, म्हणजे जात, सांगतो. खरी जात यादीत नसली तरी जवळचं काहीतरी ठोकून देतो. मेला तुमचाच विद्यार्थी! एका कारखान्यातली भट्टीजवळची स्टेनलेसची नळी जोडापाशी तडकली, तिचा तुकडा आमच्याकडे आला. संगणकानं दिलेलं नाव नीट जुळत नव्हतं, हे मला दिसत होतं. ‘ओळख पटली नाही’ एवढंच लिहायचं होतं. हात वळला नाही. तेच नाव लिहून मी सही ठोकली. त्या नावाची जात जोडात चुकीच्या रॉडमुळे येते, म्हणून कारखान्यानं अर्थ काढला की वेल्डरनं चुकीचा रॉड वापरला, आणि त्याला कामावरून काढलं. पुढे मी यादीत आणखी एक जात घातली, तर तेच कण लख्ख जुळले. वर्षानुवर्षं तापून पोलादात आपोआप तयार होते ती ठिसूळ जात. वेल्डरचा काडीचाही दोष नव्हता.

तुम्हाला बोल लावताना बरं वाटतंय, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. चूक कळून चार महिने झाले. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून भराभर पानभर झालं. कारखान्याला दुसरा अहवाल धाडता येतो, गुरुजी. त्याची एक ओळही मी अजून लिहिलेली नाही.